शिवेवरची साक्ष : पत्ता नसलेल्याला पत्ता देण्याचा इतिहास

मागच्या वेळी आपण पिनकोडबद्दल बोललो. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी असलेले मराठी गृहस्थ होते, हे ऐकून तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आनंद झाला. आज पत्त्याचाच विषय पुढे न्यायचा आहे. पत्र पोचायला पत्ता लागतो, हे ठीक. पण ज्याला अजून पत्ताच मिळालेला नाही, त्यानं तो मागायचा कसा? आणि पत्ते वाटणारा दुसऱ्याच गावात बसलेला असेल, तर मागणारा कुठे उभा आहे हे त्याला कळणार कसं?

तुमचा लॅपटॉप एखाद्या ऑफिसच्या वायफायला जोडला जातो, तेव्हा दर वेळी हा प्रश्न उभा राहतो आणि सेकंद-दोन सेकंदांत सुटतोही. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसानं या भानगडीत कशाला पडावं, असं कुणी विचारेल. आमचं म्हणणं असं, की हा प्रश्न जितका यंत्रांचा आहे तितकाच साक्षीचा आहे. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, आणि कशाच्या आधारावर? हा तर आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना प्रश्न.

आमची या विषयाशी गाठ पडली ती आम्ही शिकवत होतो त्या कॉलेजात. ग्रंथालय नव्या इमारतीत गेलं आणि तिथली सगळी संगणकं एकाएकी मुकी झाली. वायर बरोबर, दिवे लागलेले, पण इंटरनेट नाही. प्रत्येक संगणक १६९.२५४ नं सुरू होणारा एक पत्ता दाखवत होता. नेटवर्क सांभाळणारा मुलगा आला, त्यानं एका नजरेत ते पाहिलं आणि म्हणाला, "सर, यांना कुणी पत्ता दिलेलाच नाही, म्हणून यांनी स्वतःच स्वतःला एक ठेवून घेतलाय." मग त्यानं राउटरमध्ये एक ओळ लिहिली, 'आयपी हेल्पर-ॲड्रेस' आणि पुढे एक आकडा. दहा मिनिटांत ग्रंथालय बोलू लागलं. त्या एका ओळीत काय होतं, हे समजून घ्यायला आम्हाला पुढचे काही महिने लागले. ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डावर कारखान्यातच ४८ बिटांचा एक आकडा कोरलेला असतो. त्याला आपण जन्मखूण म्हणू. ती यंत्राबरोबर कुठेही जाते. दुसरा आकडा ३२ बिटांचा, म्हणजे आयपी पत्ता. तो यंत्राचा नसतो, जागेचा असतो. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या जॉन शॉच यांनी १९७८ साली एका टिपणात हा भेद नेटका मांडला होता : नाव सांगतं आपल्याला काय हवंय, पत्ता सांगतो ते कुठे आहे, आणि मार्ग सांगतो तिथे कसं जायचं. जन्मखुणेवरून माणूस ओळखता येतो, पण तो आज कोणत्या गावात आहे हे कळत नाही.

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटनं आयपीवर आधारलेली नवी पद्धत स्वीकारली. तेव्हा यंत्रं थोडी होती. प्रत्येकाचा पत्ता कुणीतरी हातानं त्याच्या डिस्कवर लिहून ठेवी. यंत्र चालू झालं की आपल्याच डिस्कवर आपला पत्ता वाचायचं. पण त्याच सुमारास विद्यापीठांत एक नवी जात आली, डिस्क नसलेली वर्कस्टेशनं. डिस्क महाग होती, म्हणून ती एका सर्व्हरमध्ये ठेवायची आणि टेबलावरच्या यंत्रानं सगळं नेटवर्कवरून घ्यायचं. अशा यंत्राला सकाळी जाग येते तेव्हा स्वतःची जन्मखूण सोडून काहीही आठवत नसतं.

त्यावर पहिला उपाय निघाला जून १९८४ मध्ये, स्टॅनफर्डमध्ये. फिनलेसन, मान, मोगल आणि थायमर या चौघांनी आरएफसी ९०३ लिहिलं. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कारभाराची टिपणं. नावाचा अर्थच 'अभिप्रायांसाठी विनंती' असा आहे. या उपायाचं नाव रिव्हर्स एआरपी, थोडक्यात आरएआरपी. यंत्रानं दवंडी पिटायची : "माझी जन्मखूण ही. माझा पत्ता कुणाला ठाऊक आहे का?" सर्व्हरजवळ यादी असते, तो उत्तर देतो.

दवंडी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. इंग्रजीत ज्याला ब्रॉडकास्ट म्हणतात, ती हीच. कोणाला उद्देशून ते सांगायची गरज नाही, सगळ्यांनी ऐकायचं. पण दवंडी गावाच्या वेशीपर्यंतच. शेजारच्या गावात ती ऐकू जाऊ नये, हेच तिचं शहाणपण. नाहीतर जगातल्या प्रत्येक यंत्राची हाक प्रत्येक यंत्राच्या कानावर पडली असती आणि कुणालाच काही काम करता आलं नसतं.

गंमत अशी, की आरएआरपी लिहिणाऱ्या चौघांपैकी जेफ्री मोगल यांनीच त्याच वर्षी, ऑक्टोबर १९८४ मध्ये, आणखी दोन टिपणं लिहिली. एक दवंडीचे नियम सांगणारं, आरएफसी ९१९. दुसरं आरएफसी ९१७, एका संस्थेचं मोठं नेटवर्क छोट्या छोट्या तुकड्यांत कसं वाटायचं ते सांगणारं. या तुकड्यांना आपण आज सबनेट म्हणतो. म्हणजे एका वाड्यात मोठ्यानं हाक मारायची सोय झाली, आणि चार महिन्यांत वाड्यात भिंती घालायचीही सोय झाली. आरएआरपीची पंचाईत इथेच झाली. ती भिंतीपलीकडे जाऊच शकत नव्हती, कारण ती आयपीच्या खालच्या थरावर चालायची आणि राउटर तो थर पुढे नेत नाही. प्रत्येक खोलीत एकेक पत्ते सांगणारा बसवा, एवढाच मार्ग उरला. शिवाय पत्त्याखेरीज दुसरं काही सांगायची त्यात सोयच नव्हती.

आता सप्टेंबर १९८५. स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिलमोर यांनी आरएफसी ९५१ लिहिलं. नाव बूटस्ट्रॅप प्रोटोकॉल, बूटपी. त्यांनी एक छापील अर्ज ठरवला, ३०० बाइटांचा. अर्जदाराची जन्मखूण, देऊ केलेला पत्ता, सर्व्हरचा पत्ता, कोणती फाइल वाचून सुरू व्हायचं तिचं नाव, सगळ्याला ठरलेले रकाने. आणि हा अर्ज आयपीच्या वरच्या थरावर, साध्या यूडीपीतून जाणारा. अर्जदारानं दार क्रमांक ६८ वरून बोलायचं, सर्व्हरनं ६७ वर ऐकायचं. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून ०.०.०.०, म्हणजे "मी अजून कुणी नाही". आणि घेणाऱ्याचा २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे "जो ऐकेल तो".

त्या टिपणात 'कोंबडी आणि अंडं' असं मथळ्यातच म्हणणारा एक भाग आहे. सर्व्हरला उत्तर पाठवायचंय, पण ज्याला पाठवायचं त्याला स्वतःचा पत्ता ठाऊक नाही, त्यामुळे त्या पत्त्यानं हाक मारली तर तो ओ देणार नाही. उपाय दोनच : त्याच्या जन्मखुणेवर थेट नेऊन द्यायचं, किंवा उत्तराचीही दवंडी पिटायची.

पण आज आपल्याला हवाय तो त्या अर्जातला एक छोटा रकाना, चार बाइटांचा. त्याचं नाव 'जीआयॲडर', म्हणजे गेटवेचा आयपी पत्ता. तो अर्जदारानं रिकामा सोडायचा. दवंडी ऐकणारा सर्व्हर त्याच गावात असेल, तर रकाना रिकामाच राहतो. पण नसेल, तर वेशीवर उभा असलेला मध्यस्थ ती दवंडी ऐकतो, रिकाम्या रकान्यात आपला पत्ता लिहितो, म्हणजे ज्या बाजूनं हाक आली त्या बाजूचा, आणि दूरच्या सर्व्हरकडे अर्ज थेट पाठवून देतो. सर्व्हर तो रकाना वाचतो आणि त्याला कळतं की मागणारा अमुक गावचा आहे. मग त्या गावच्या पत्त्यांतलाच एक पत्ता तो निवडतो आणि उत्तर मध्यस्थाकडे पाठवतो. मध्यस्थ ते अर्जदाराला पोचवतो.

बघा, इथे काय झालं? अर्जदार 'मी कुठे आहे' हे सांगू शकत नाही, कारण त्याला ते माहीतच नाही. सर्व्हर पाहू शकत नाही, कारण तो दूर आहे. ज्यानं ती हाक प्रत्यक्ष ऐकली असा एकच जण आहे, तो शिवेवरचा. पत्ता देणं न देणं त्याच्या हातात नाही. त्याच्याजवळ पत्त्यांची यादीही नाही. "ही हाक या बाजूनं आली" एवढंच तो सांगतो. आणि सगळा व्यवहार त्या एका वाक्यावर उभा राहतो.

आठ वर्षं हा रकाना कसा वापरायचा याबद्दल गोंधळ राहिला. काहींना वाटलं, यात लिहिलेला पत्ता म्हणजे अर्जदारानं पुढे वापरायचा राउटर. ऑक्टोबर १९९३ मध्ये कार्नेगी मेलनचे वॉल्टर वाइमर यांनी आरएफसी १५४२ लिहून हे निस्तरलं. मध्यस्थाला त्यांनी 'रिले एजंट' हे नाव पक्कं केलं. त्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे : राउटर एरवी पाकीट न उघडता पुढे ढकलतो, पण रिले एजंट तसं करत नाही. तो अर्ज स्वतःच्या हातात घेतो, वाचतो, त्यात भर घालतो आणि नव्यानं पाठवतो. रकाना आधीच भरलेला असेल, तर तो बदलायचा नाही, कारण पहिल्यानं ऐकलेल्याचीच साक्ष खरी. आणि अर्ज किती हातांतून गेला याची मोजणी ठेवायची. १६ च्या पुढे गेला तर टाकून द्यायचा.

त्याच ऑक्टोबर १९९३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांच्या नावावर डीएचसीपी आली. मार्च १९९७ च्या आरएफसी २१३१ मध्ये तिचं आजचं रूप पक्कं झालं. बूटपीत प्रत्येक जन्मखुणेसमोर पत्ता आधी कुणीतरी लिहून ठेवावा लागे. लॅपटॉप आले, माणसं यंत्र काखोटीला मारून हिंडू लागली, तेव्हा हे जमेना. डीएचसीपीनं पत्ता भाड्यानं द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे घराचा करार अकरा महिन्यांचा असतो ना, तसाच हा करार, कधी आठ तासांचा, कधी आठवड्याचा. बोलणं चार वाक्यांचं : "कुणी आहे का?", "हा पत्ता देऊ शकतो", "हाच द्या", "दिला". अर्धी मुदत संपली की यंत्र नूतनीकरण मागतं. आणि तेव्हा ते रिलेला विचारतही नाही, थेट सर्व्हरशी बोलतं, कारण आता त्याला पत्ता आहे. मध्यस्थ लागतो तो अनोळखी माणसाला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. डीएचसीपी करताना अगदी नवा अर्ज आखता आला असता. तसं केलं नाही. बूटपीचाच अर्ज, तेच रकाने, तीच दारं ६७ आणि ६८, आणि नवं जे काही होतं ते शेवटच्या मोकळ्या जागेत. कारण जगभरच्या राउटरांमध्ये बूटपीचे रिले एजंट बसलेले होते. नवा अर्ज काढला असता तर त्या सगळ्या साक्षीदारांना नवी भाषा शिकवावी लागली असती. जुनाच ठेवला, म्हणून १९८५ चा रिले १९९७ चा अर्ज बिनबोभाट पुढे नेऊ लागला. डिस्क नसलेल्या यंत्रांसाठी आखलेला चार बाइटांचा रकाना पुढे तुमच्या-आमच्या खिशातल्या फोनसाठी राबला. आमच्या ग्रंथालयात त्या मुलानं लिहिलेली ओळ म्हणजे शिवेवर एक साक्षीदार उभा करणं होतं, बस्स.

इथे आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं, विश्वासू माणसाची साक्ष. आप्त कोण? वात्स्यायनांचं भाष्य सांगतं की ज्यानं ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. आणि ते पुढे असंही म्हणतात, की हे लक्षण ऋषीला लागू आहे तसंच आर्याला आणि म्लेंच्छालाही. आप्तपण हुद्द्यावर ठरत नाही. तो कुठे उभा होता आणि खरं बोलतो का, यावर ठरतं.

आपल्या गावगाड्यात याचं एक बोचरं उदाहरण आहे. शिवेचा तंटा उभा राहिला, की महाराची साक्ष महत्त्वाची धरली जाई. ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्याच्याच शब्दावर गावाची हद्द ठरे. शीव त्यानं रोज पाहिलेली असे, म्हणून त्याचा शब्द घ्यावाच लागे. पण म्हणून गावात त्याला बरोबरीची जागा मिळाली नाही. साक्ष घ्यायची आणि साक्षीदाराला मोजायचं नाही, ही सवय जुनी आहे.

आणि साक्ष खोटी असेल तर? १९८५ चा अर्ज लिहिणाऱ्यांनी सगळे आपलेच आहेत असं धरलं होतं. केबल आणि ब्रॉडबँड घराघरांत पोचलं, तसं ते धरून चालेना. कुणी शेजाऱ्याच्या जन्मखुणेनं अर्ज करी, कुणी शेकडो खोटे अर्ज करून पत्त्यांचा साठाच संपवी. म्हणून जानेवारी २००१ मध्ये मोटोरोलाचे मायकेल पॅट्रिक यांचं आरएफसी ३०४६ आलं. त्यातला पर्याय क्रमांक ८२ रिलेला आणखी बोलायला लावतो : हाक नुसती या गावातून आली एवढंच नाही, तर या वायरीतून, या खाचेतून आली. सर्व्हर ते वाचतो, उत्तरासोबत परत पाठवतो, आणि रिले ते काढून टाकूनच उत्तर ग्राहकाला देतो. आपल्याबद्दल काय साक्ष झाली, हे ग्राहकाला कळत नाही.

मंडळी, हे शेवटचं वाक्य जरा थांबून ऐका. आपल्याबद्दल आपल्या माघारी साक्ष होते, ती नोंदली जाते, आणि एक दिवस पोलीस ती मागतात. २००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुणाला पकडलं. तो आयपी पत्ता त्या वेळी त्याच्याकडे होता, असं इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनं कळवलं होतं. ती माहिती चुकीची निघाली. तोवर त्या निरपराध मुलानं सुमारे ५० दिवस तुरुंगात काढले होते.

इथे चूक रकान्याची नव्हती. भाड्याच्या पत्त्याची नोंद कोण, कुठे आणि नेमकी केव्हा या तीन गोष्टी मिळूनच पुरी होते. त्यातली एक चुकली की पत्ता दुसऱ्याच माणसाकडे बोट दाखवतो. आज आपल्याकडे २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार संस्थांना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि घड्याळं जुळवून ठेवावी लागतात. नोंद ठेवणं आलं. पण न्यायशास्त्राचा विद्यार्थी पुढचा प्रश्न विचारेल : ही नोंद सांगणाऱ्यानं ते स्वतः पाहिलं होतं का, की त्यानंही दुसऱ्याचं ऐकून सांगितलं? आयपी पत्ता माणसाला पाहत नाही. तो फार तर एक वायर पाहतो. वायरीपासून माणसापर्यंतचं अंतर अनुमानाचं आहे, आणि अनुमानाला स्वतंत्र पुरावा लागतो.

त्या ३०० बाइटांच्या अर्जाचे एक लेखक जॉन गिलमोर पुढे १९९० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी एक झाले. डिजिटल जगातल्या नागरिकांच्या खाजगीपणासाठी ही संस्था झगडते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं आम्ही म्हणत नाही. पण दोन्ही एकाच आयुष्यात मावल्या, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता पुढे काय? जुलै २००३ मध्ये नव्या आयपीसाठी, म्हणजे आयपीच्या सहाव्या आवृत्तीसाठी, वेगळी डीएचसीपी आली, आरएफसी ३३१५. तिथे दवंडी नाही. हाक ठरावीक ऐकणाऱ्यांच्या गटालाच जाते. आणि तिथे रिले अर्जदाराच्या अर्जावर पेन चालवत नाही. तो सबंध अर्ज आहे तसा एका पाकिटात घालतो आणि आपली साक्ष पाकिटावर लिहितो. वाटेत दुसरा रिले लागला तर तो त्यावर आणखी एक पाकीट चढवतो. उत्तर येताना एकेक पाकीट उलट क्रमानं उघडत जातं. अर्जदाराचं म्हणणं आणि साक्षीदाराचं म्हणणं इथे वेगळं राहतं. कोण काय बोललं हे नंतर तपासता येतं. आम्हाला या सगळ्या इतिहासातली ही सुधारणा सर्वांत मोलाची वाटते. १८ वर्षं लागली, पण साक्ष आणि अर्ज यांची सरमिसळ संपली.

तेव्हा पुढच्या वेळी फोन नव्या ठिकाणी जोडला जाईल, तेव्हा एवढं आठवा : तुम्ही कुठे आहात हे तुमच्या वतीनं कुणीतरी सांगितलेलं आहे. बहुतेक वेळा ते खरं सांगतं, म्हणून जग चालतं. पण ज्या दिवशी त्या सांगण्यावरून कुणाला दोषी धरायची वेळ येईल, त्या दिवशी आधी साक्षीदाराला विचारायला हवं : तू नेमकं काय पाहिलंस?

आता तुमचे प्रश्न येऊ द्यात.